सॅक्सोफोनचं तोंड कुणी नेलं?

"सर, तुम्ही वाजवताना समोर कुणी लिंबू चोखलं, तर तुमचं वाजवणं बंद पडतं का?"

हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती आणि अकरावीतल्या राजकन्यानं थेट गोव्याहून आलेल्या आल्विन सरांनाच विचारलं. लातूरच्या मैदानावर त्या संध्याकाळी जॅझ महोत्सव होता. स्टेजमागे तिची जिवलग मैत्रीण अंबिका ओढणीत तोंड लपवून उभी होती.

आल्विन सर हसले. "पडतं ना. हे टोक तोंडात धरायचं, थुंकीनं ओलं करायचं, तेव्हा सूर निघतो. लिंबू बघून तोंडाला पाणी सुटलं, की सूर बुडाला." त्यांनी सॅक्सोफोनचं काळं टोक ओठांत धरून एक लकेर घेतली.

"अगं माय, तोंडात घालत्यात होय?" चहाचे उष्टे पेले गोळा करणाऱ्या शांतम्माकाकू थबकल्या. त्या संयोजक माणिकप्पांच्या बायको.

कार्यक्रमाची वेळ झाली, स्टेजचे दिवे लागले आणि बोंब उठली. सरांनी ठेवलेला सॅक्सोफोन टेबलावरच होता, त्यावर ताजं हळदकुंकू आणि झेंडूचा हार. काळं टोक मात्र गायब.

माणिकप्पांनी भुजंगला धरलं. भुजंग उदगीरच्या लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. आज पहिल्यांदाच त्याला असं स्टेज मिळणार होतं.

"ह्यानंच नेलं. सरांचं बंद पडलं की ह्याला मोकळं रान. ह्याला मी वर चढू देणार न्हाई."

"अप्पा," भुजंगनं समोर बोट दाखवलं, "बायको-पोरं पुढच्या रांगेत बसलीत हो."

"मी शोधते," राजकन्या म्हणाली. गल्लीतली हरवलेली सायकल शोधून दिल्यापासून ती स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घ्यायची. "अंबे, चल."

"काका, तुमचा सॅक्सोफोन दाखवा," ती भुजंगला म्हणाली.

भुजंगनं दाखवला. "सरांचा मोठा, माझा लहान. त्याचं टोक माझ्याला बसत न्हाई, माझं त्याला न्हाई. नेऊन करू काय?"

"विकायला नेलं असंल," अंबिका कुजबुजली.

"शेजारचा महागडा माइक सोडून?"

शांतम्माकाकू पाण्याच्या पिंपाजवळ होत्या. तांब्या उंच धरून, ओठ न लावता, वरून धार तोंडात सोडत होत्या.

"काकू, पूजा तुम्हीच केली?"

"हाव. शुभकार्य हाय, वाद्याला हळदकुंकू नको?"

"आणि चोर दिसला का कुणी?"

"कसला चोर गं? वाद्य तर हितंच हाय की."

अंबिका वैतागली. "काकूंना कायच माहीत न्हाई."

"त्यांनाच सगळं माहीत हाय," राजकन्या म्हणाली. "बोलव सगळ्यांना."

सगळे जमले. राजकन्यानं ओढणी कमरेला खोचली.

"चोरी झालीच न्हाई. चोरानं माइक नेला असता, न्हाईतर अख्खा सॅक्सोफोन. भुजंगकाकांना ते टोक बिनकामाचं. मग ते कुणाला खुपलं? माझा प्रश्न काकूंनी ऐकला, सरांचं उत्तरबी ऐकलं. ज्या काकू तांब्याला ओठ लावत न्हाईत, त्या उष्ट्या टोकाला हळदकुंकू वाहतील? त्यांनी ते आधी काढलं. आणि उष्टं कुठं ठेवतात?"

तिनं खरकट्या पेल्यांच्या टबात हात घातला. बाहेर आलं ते काळं टोक, त्याला चहाची पत्ती चिकटलेली.

"मग? धुऊन बसवणारच हुते," शांतम्माकाकू म्हणाल्या. "नारळ आणायला गेले अन् राहिलं. तुम्ही चोरी चोरी करून राहिले, ती ह्या टोकाची हे मला काय कळणार?"

आल्विन सर पोट धरून हसले. माणिकप्पा खाकरले, टोपी काढून पुन्हा घातली. "भुजंगराव, चुकलं माझं. पहिला मान तुमचा."

भुजंगनं असा सूर लावला की खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. मग आल्विन सर त्याला येऊन मिळाले, आणि पुढच्या रांगेतली भुजंगची पोरं खुर्चीवर चढून नाचू लागली.

तेवढ्यात राजकन्याचे आईबाबा गर्दीतून वाट काढत आले. उद्या तिची फिजिक्सची टेस्ट होती.

"घरी चल आता," आई म्हणाली.

"येते. पण आई, बाबा, आधी ऐका. उद्यापासून क्लास सुटला की मी भुजंगकाकांकडं सॅक्सोफोन शिकायला जाणार. विचारून न्हाई राहिले, सांगून राहिले."