हौसाबाईंचं विरजण आणि बर्फाचा शेवटचा तुकडा

ठोंब्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं, तिथेच चुकलं. अंटार्क्टिकाच्या तळावरचा हा यंत्रमानव दिवसभर हौसाबाईंच्या मागे मागे फिरे, दिसेल ते शिके आणि मग नको तिथे अक्कल पाजळे. त्याच्या छातीवर भारी नाव कोरलेलं होतं. पण तळाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या हौसाबाई त्याला ठोंब्याच म्हणत, आणि तो मुकाट ओ देई.

आज तर त्यानं त्यांच्या नातीला, इराला, रडवलं होतं.

"दोन तुकडे तपासले. जीव नाही. तिसरा फेकू का?" त्यानं विचारलं होतं.

हे तुकडे इराच्या आईनं दोन किलोमीटर खोलवरच्या बर्फातून काढले होते. त्यात जीव सापडला नाही, तर महिन्यानं येणाऱ्या जहाजातून खोदाईची यंत्रं परत जाणार होती, आणि त्यांच्यासोबत आईचं दहा वर्षांचं काम.

"हात लावशील तर याद राख!" हौसाबाई गरजल्या. "माझं विरजण गावाहून येताना दगडासारखं गोठलं होतं. तरी दही लागलंच ना? त्यातले जीव मेले नव्हते, झोपले होते."

"मग आपले का उठले नाहीत, आजी?" इरानं नाक पुसलं.

"कुठे ठेवले होतेस रे तुकडे?"

"उबदार पेटीत, सदतीस अंशांवर. तुम्ही दही असंच उबेत लावता."

हौसाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे शहाण्या, उकळत्या दुधात विरजण घातलं तर?"

"विरजण मरतं."

"मग! बर्फात जन्म काढलेल्यांना तुझी ऊब म्हणजे उकळतं दूधच की!"

इरा टुणकन उठली. "शीतप्रेमी जीवाणू (थंडीतच वाढणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव)! आई म्हणते, बर्फाच्या कणांमधे खारट पाण्याच्या बारीक रेघा असतात. मिठामुळे ते पाणी लवकर गोठत नाही. तिथे हे राहतात. शिवाय अंगात गोठणरोधक प्रथिनं (बर्फाचे टोकदार कण वाढू न देणारे पदार्थ) बनवतात."

शेवटचा तुकडा शून्य अंशाच्या जेमतेम वर हळूहळू वितळू दिला आणि त्या पाण्यात चिमूटभर अन्न घालून ठेवलं. ठोंब्या रोज विचारी, "लागलं का दही?"

पंचविसाव्या दिवशी पाणी गढूळ झालं. सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके वळवळत होते! इराच्या आईनं दोघींना घट्ट मिठी मारली. यंत्रं राहणार होती.

"गुरूच्या बर्फाळ चंद्रावरही असं कुणी असेल का गं?" इरानं विचारलं.

"असेल तर त्याला कसं उठवायचं ते आता ठाऊक झालं," आई हसली.

हौसाबाईंनी ठोंब्याकडे बोट रोखलं. "ऐक रे. पाहुण्याला काय सोसतं ते विचारल्याशिवाय त्याला मेला म्हणायचं नाही. आणि आजपासून माझ्या दह्याकडे फिरकायचं नाही. तू थंडच बरा, बर्फ सांभाळ!"