बेस्तरवारचा बाजार

१९९७ साली आदिलाबादच्या कचेरीत कॉम्प्युटर आला. हार-नारळ झाल्यावर त्याला हात लावायचं धाडस एकट्या नागनाथनं केलं. नार्नूरकडच्या धरणाकाठची टेकडी अधूनमधून ढासळायची. पाऊस, पाण्याची पातळी, भेगांवर ठोकलेल्या खुंट्या किती सरकल्या, असे वर्षानुवर्षांचे आकडे त्यानं भरले. त्यांतली संगती शोधून पुढची दरड कधी, ते प्रोग्रामनं सांगायचं होतं. त्याच उतारावर, पुनर्वसनाच्या घरात, त्याची आई भागीरथा राहायची. घाई त्यालाच जास्त होती.

प्रोग्रामनं पाऊस बाजूला टाकला. पाण्याची पातळीही टाकली. उरला फक्त वार. दरड गुरुवारीच सुटत होती.

"मशीनले उपास लागला काय?" यशवंतराव साहेब हसले. नागनाथनं तारखा पुन्हा तपासल्या. उत्तर तेच आलं, आणि खुंट्या पाहता येता गुरुवार धोक्याचा होता.

तो उतारावरच्या घरी सांगायला गेला, तर आईला गुरुवारचं, तिच्या बेस्तरवारचं, काहीच नवल वाटलं नाही. ती ज्वारी पाखडत राहिली.

"बेस्तरवारी आपल्या जुन्या गावचा बाजार राहे ना. बोलावून राह्यले लोक."

जुनं गाव कधीच धरणात बुडालं होतं. बुधवारीच त्यानं हातापाया पडून शेजाऱ्यांना शाळेत हलवलं आणि आईला बसनं आदिलाबादला आपल्या क्वार्टरवर आणलं. सकाळी कचेरीत जाताना, ती निघून जाईल या धास्तीनं, त्यानं बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

दुपारी वायरलेसवर निरोप आला. दरड सुटली होती. घरांची अख्खी ओळ पाण्यात गेली, पण माणूस एकही गेला नाही. यशवंतरावांनी पाठ थोपटली तेव्हा नागनाथला रडूच आलं.

संध्याकाळी त्यानं घाईघाईनं कुलूप काढलं. आई खाली बसून मेथी निवडत होती.

"मेथी कुठून आणली, माय?"

"बाजारातून."

मुळांना काळा गाळ होता. तिच्या पायांनाही घोट्यापर्यंत तोच, अजून ओला.

"पुढच्या बेस्तरवारी तुलेबी घेऊन ये म्हणले," ती म्हणाली.

नागनाथ दाराकडे सरकला.

उंबऱ्यालगतच्या फरशीत केसाएवढी भेग होती. सकाळी ती नव्हती.