जबड्याखालचा हिरवा उजेड

उघड्या दारापर्यंत येऊन सुमन खैरनार मागे फिरली. जिन्यातला दिवा चालूच राहिला होता. तो तिने लावला नव्हता, तरी बटण बंद करूनच ती आत आली. खांद्यावर तान्ही मुलगी झोपली होती.

शालीमार चौकाजवळच्या साडीच्या दुकानावरची ही एवढीशी खोली भिमाजी पगारे यांची. खाजगी चौकशी, एवढंच बाहेर लिहिलेलं. आत त्यांचा मदतनीस मोतीराम खिडकीशी पैठणी धरून कुरकुरत होता.

"बघा ना भाऊ! खालच्या शोकेसमधली घेतली. घडी उलगडली तर ऊन लागलेला तेवढाच पट्टा विटलेला, बाकी कोरी करकरीत. आता घरी काय तोंड दाखवू?"

"शोकेसमधली घेताना दाखवलंस तेच. घडी घाल ती." पगारे सुमनकडे वळले. "बसा ताई. काय हरवलंय?"

"माझी अक्कल, असं सगळे म्हणतात." सुमनने मुलीचा श्वास चालू आहे ना, ते गालाने तपासलं. "मला वेड लागलंय का, तेवढं शोधून द्या. रविवारी सासूबाई निफाडहून येतायत. हिला घेऊन जाणार, मी बरी होईपर्यंत. आणि मी बरी झाले हे कोण ठरवणार?"

पगाऱ्यांनी पेन बंद केलं. "पहिल्यापासून सांगा. आमच्या मोतीरामला कळेल असं."

गंगापूर रोडला एका ट्रस्टची प्रयोगशाळा होती, तिथे सुमन काम करायची. रेनिन नावाचं एक एन्झाइम रक्तदाबाचं तंत्र सांभाळतं. ते उंदराच्या मूत्रपिंडात कुठे असतं, हे पाहायचं. त्यासाठी सशाच्या रक्तातून प्रतिद्रव्यं काढायची. ती नेमकी रेनिनलाच जाऊन चिकटतात. त्यांच्यावर एक रंग चढवला की अंधारखोलीत, सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या प्रकाशाखाली, रेनिनची जागा हिरवी चमकते.

"पण तो प्रकाशच रंग खातो," ती म्हणाली. "म्हणून पाहून झालं की तो अडवणारी झडप लावायची. मी गॅस बंद करते ना, तशी लावतेच."

"मग बिघडलं कुठे?"

"कोठावदे म्हणून माझे सहकारी आहेत. त्यांचा प्रबंध माद्यांच्या मूत्रपिंडावर आहे. उंदीर तेच कापतात, मला फक्त पातळ काप लावलेल्या काचा मिळतात. मीच हट्ट केला की जबड्याखालची ग्रंथीही द्या. नराच्या त्या ग्रंथीत रेनिन खच्चून असतं, मादीच्या अगदी कमी. मला ती मंद चमक पाहायची होती." ती थांबली. "मंद कुठली? भिंगाखाली दिवाळी होती हो. शेकडो हिरवे डोळे माझ्याकडे बघत होते. झडप लावून मी आमच्या प्रमुखांना, गर्गे सरांना, बोलवायला धावले. ते फोनवर होते. घेऊन आले तर झडप उघडी, पंखा बंद असून काळा पडदा हलत होता, आणि भिंगाखाली काही नाही. नुसता काळोख."

मोतीरामने पैठणी गुंडाळून छातीशी धरली. "भाऊ, हे आपलं काम नाही. हे भगताचं काम आहे."

"भगत काचा बघत नाही. चल."

प्रयोगशाळेत डॉ. गर्गे मृदू बोलले. तेच सुमनला जास्त लागलं.

"सुमनबाई हुशार आहेत हो. पण बाळंतपण, जागरणं… मी डोळा लावला तेव्हा आधी सगळं धूसर होतं. फोकस पुष्कळ फिरवावा लागला. मग पाहिलं, तर काही नव्हतं."

"एरवीही फिरवावा लागतो?"

"छे. आमची नजर सारखीच आहे. त्यांनी लावलेलं मला तस्संच दिसतं."

"त्यानंतर काच सरकवून पाहिलीत?"

"तशी वेळच नव्हती. या थरथरत होत्या. काच मी माझ्या फ्रीजमध्ये कुलपात ठेवली आणि यांच्या मिस्टरांना फोनवर कळवलं. काळजीपोटीच."

"माद्या कुठून आणता तुम्ही?"

"इथेच वाढवतो. माद्या पिल्लांसाठी लागतात, त्या कायम कमीच. नर मात्र ढिगाने उरतात."

उंदीरघराचं दार उघडलं तसा उग्र दर्प अंगावर आला. एका रिकाम्या पिंजऱ्याला काळा दोरा बांधला होता, त्यात वाळलेलं लिंबू. मोतीराम उंबऱ्याबाहेरच थांबला. "मी बाळाला धरतो," तो घाईने म्हणाला. सुमनने मुलगी त्याच्याकडे दिली आणि तिचं टोपडं दोनदा नीट केलं.

दोरा सहादूने बांधला होता. पेठ तालुक्याकडचा हा माणूस पिंजऱ्यांना दाणापाणी घालायचा.

"त्या पिंजऱ्याला कायतरी लागलं व्हतं, साहेब. मी भावाच्या लग्नाला गावी गेलतो. आलो तं पिंजरा धुऊन ठेवलेला. कोठावदेसाहेबांनी सोताच धुतला. तवापासून त्यातल्या उंदरिणी येड्यागत एकमेकींच्या अंगावर. शेपट्या कुरतडलेल्या, पाठीला जखमा. आधी कशा गुण्यागोविंदानं असायच्या! साहेबांनी समद्या कापायला नेल्या, तरी रिकाम्या पिंजऱ्यालाबी मी हात नाय लावला. दोरा बांधला."

"कधी सूक्ष्मदर्शकातून पाहिलंस, सहादू?"

"आम्हाला कोण बघू देतंय? त्या अंधारखोलीची किल्लीच या तिघांकडं."

कोठावदे टेबलाशी लिहीत होते. जाड भिंगाचा चष्मा कपाळावर तसाच ठेवून त्यांनी मान वर केली, पगाऱ्यांकडे पाहिलं आणि डोळे बारीक केले.

"कोण तुम्ही? चष्म्याशिवाय मला माणूस नि खांब सारखाच."

"खांब कमी बोलतो," पगारे म्हणाले. "त्या दिवशी सुमनताई सरांकडे गेल्या तेव्हा कुठे होतात?"

"उंदीरघरात. एकटाच. ती काच मी पाहिलीसुद्धा नाही. सुमनताई, विश्रांती घ्या हो तुम्ही. माझी बहीणही बाळंतपणानंतर अशीच…"

सुमनने मान खाली घातली. खरंच झाला असेल भास? मुलीला पाजताना परवा तिला डुलकी लागली होती. लागली होती ना?

"डॉक्टरसाहेब," पगारे म्हणाले, "ती काच आणा. सगळे अंधारखोलीत चला."

पडदा ओढला तसा काळोख दाटला. सुमनने काच आधीच्याच जागी बसवली आणि डोळा लावला. काळंच.

"दिसत नाही ना? आता कमी मोठं दाखवणारं भिंग लावा. आजूबाजूचंही दिसू दे."

तिने भिंग फिरवलं, फोकस धरला.

सगळीकडे हिरवा उजेड पेटला होता. मधोमध मात्र एक काळंभोर वर्तुळ होतं, ग्रहणातल्या सूर्यासारखं.

"सर," तिचा आवाज फुटला. "बघा. बघा ना!"

डॉ. गर्ग्यांनी पाहिलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही.

"मोतीरामची पैठणी," पगारे काळोखातून म्हणाले. "ऊन लागलं तिथेच विटली. काचेवरही प्रकाश पडला तेवढा गोल जळाला, बाकी शाबूत. म्हणजे ताईंना भास झालेला नाही. त्यांच्यामागे कुणीतरी झडप उघडली. ताई विसरल्या, असं मी क्षणभरही मानलं नाही. ज्या बाईला परक्याच्या जिन्यातला दिवा चालू ठेवून पुढे जाववत नाही, ती झडप उघडी टाकेल?"

"पण कुणी?" दारातून मोतीराम म्हणाला. मुलगी त्याच्या दंडावर गाढ झोपली होती.

"ज्याने उजेड विझला का, ते स्वतः वाकून पाहिलं, त्याने. त्याची नजर वेगळी, म्हणून पाहताना त्याला फोकस पार बदलावा लागला, आणि मग डॉक्टरांना सगळं धूसर दिसलं. डॉक्टर ताईंबरोबर होते. सहादूकडे किल्ली नाही. उरला तो, जो चष्मा कपाळावर ठेवून बघतो."

कोठावद्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला.

"आणि उजेड विझवायचा कशाला? एवढा उजेड म्हणजे ती ग्रंथी मादीची नव्हतीच, नराची होती. बरोबर राहणाऱ्या माद्या अशा भांडतात का, डॉक्टर?"

"नाही," गर्गे सावकाश म्हणाले. "अनोळखी नर एकत्र कोंडले, तर मात्र रक्त काढतात."

"सहादू लग्नाला गेला तेव्हा पाणी घालायचं काम तुमच्याकडे होतं ना, कोठावदे? नाहीतर साहेब माणूस स्वतः पिंजरा का धुईल?"

काळोखात खुर्ची करकरली.

"उन्हाळा होता," कोठावदे पुटपुटले. "पाण्याच्या बाटल्या भरायचं राहिलं. सगळ्या माद्या गेल्या. प्रबंध तोंडावर आला होता. उरलेले नर घातले. मूत्रपिंडात काही फरक कळला नसता हो! हिने ती जबड्याची ग्रंथी मागितली नसती तर… नाही म्हणायला तरी काय कारण देणार होतो?"

"आणि मला वेडी ठरवलंत?" सुमनने विचारलं.

"मी नाही ठरवलं. सगळेच म्हणत होते. मी फक्त नाही म्हटलं नाही."

मग डॉ. गर्ग्यांनी घसा साफ केला. "सुमनबाई, मी आत्ता तुमच्या मिस्टरांना फोन करतो."

"फोन नको, सर. फोनवरच बिघडलं सगळं. रविवारी घरी या आणि सासूबाईंच्या समोर सांगा."

"येतो," ते म्हणाले. वर पाहणं त्यांना जमलं नाही.

सुमनने झडप लावली, काच डबीत ठेवली आणि बाहेर उन्हात आली. मोतीरामकडून मुलगी घेतली. फाटकापाशी तिची पावलं सवयीने अडखळली. झडप… लावली का?

लावली होती. तिला माहीत होतं.

ती मागे फिरली नाही.