मौनाच्या वेळी वाजलेलं दार

मोबाइल उलटे ठेवा आणि मध्येच कुणी खिदळू नका. ही माझ्या आतेबहिणीवर ओढवलेली गोष्ट आहे. आम्ही तिला ताई म्हणतो, जग तिला सिस्टर म्हणतं, कारण ती चर्चची नन आहे. लहानपणी खोटं बोललो म्हणून तिने माझे कान इतके पिळलेत की तिच्या तोंडून थाप निघेल, हे मला स्वप्नातही पटायचं नाही.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. दुपारी ताई छपाईच्या दुकानात फलक आणायला गेली होती. संध्याकाळी सिस्टरांच्या घरी चिंतनाची बैठक होती, आणि फलकावर निळ्या ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, 'आजच्या जगात श्रद्धा, सोबत आणि आशा'. दुकानदाराने फलक गुंडाळता गुंडाळता विचारलं, तुमच्याकडे शिवण शिकायला यायची ती गेली म्हणे, नवऱ्यानेच मारलं का? ताईने नुसती मान हलवली, फलक काखेत मारला आणि बाहेर पडली.

ती कोण, ते सांगतो. सिस्टरांच्या घरी खालच्या मजल्यावर शिवणवर्ग चाले. तिथे ही यायची. हात सफाईदार, बोलणं गोड, आणि भर उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेली, कारण नवऱ्याच्या बोटांचे वळ झाकायचे असत. एकदा तिच्या मानेला मलम लावताना ताई म्हणाली होती, "रात्री-अपरात्री केव्हाही ये. दार वाजव. आम्ही पाचजणी आहोत." शब्द ताईने दिला होता.

त्या आठवड्यात मंगळवारी रात्री ती आली. दार वाजवलं.

आता त्या घराचा नियम ऐका. रात्रीची शेवटची प्रार्थना झाली की मौन. सकाळच्या प्रार्थनेपर्यंत कुणी कुणाशी अक्षर बोलायचं नाही. नियमाला मी नावं ठेवत नाही. दाराची किल्ली घरातल्या मोठ्या सिस्टरकडे, ज्यांना सगळ्या मदर म्हणतात. ताईला वाटलं, मदर उठतील. मदरना वाटलं असेल, कुणीतरी येऊन आपल्याला उठवील. पाचही जणी आपापल्या खोलीत टक्क जाग्या, आणि कुणी कुणाला विचारलं नाही, कारण मौन होतं. बाहेर माणूस जिवाच्या आकांताने दार ठोठावत असताना मौन मोडायला देवाने मनाई केलेली नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. या शिकल्यासवरल्या बायांना कळू नये? दार बराच वेळ वाजलं. मग फरफटत जाणाऱ्या चपलांचा आवाज आला. बुधवारी सकाळी तिला तिच्याच घरातून चादरीत घालून बाहेर काढलं.

आणि त्याच सकाळी न्याहारीला मदर म्हणाल्या की काल त्यांना अगदी गाढ झोप लागली होती. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. ताईनेसुद्धा. सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

असो. शनिवारी बैठक झाली. फलकाखाली पाचजणी बसल्या. एक श्रद्धेवर बोलली, एक सोबतीवर, आणि मदर म्हणाल्या, आपलं घर म्हणजे दुःखी माणसाची आशा. ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वाटलं, तो फलक टराटरा फाडावा. मग तिची पाळी आली. ती उठली... आणि चार गोड वाक्यं बोलून खाली बसली. त्यानंतर तिला सगळ्यांत जास्त चीड आली ती स्वतःची.

प्रार्थना झाली. मौन सुरू झालं. आतले दिवे मालवले.

साडेबाराच्या सुमाराला दार वाजलं.

ताई ताडकन उठली. या वेळी वाट बघायची नाही. अनवाणी जिना उतरली. दाराला बाहेर बघायला छोटी काच आहे. तिने बाहेर पाहिलं. पायरीवर दिवा जळत होता. कुणी नव्हतं. फाटकापर्यंत रस्ता रिकामा.

आवाज चालूच होता.

पण दारावर नाही... वर.

ती पुन्हा जिना चढली. वर एका ओळीत खोल्या. बाकी चौघींची दारं बंद. आणि चारही दारं वाजत होती. आतून. सिस्टरांच्या खोल्यांना कड्या नसतात. ढकललं की उघडतं. तरी आतून कुणीतरी ठोठावत होतं. आधी हळू. मग जोरात. मग...

ताईने दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले. एकाही दाराला तिने बोट लावलं नाही. ती व्हरांड्याच्या मधोमध उभी राहिली आणि मौन मोडलं.

"मी जागी होते," ती म्हणाली. "मंगळवारी. मी ऐकलं होतं."

सगळं थांबलं.

एकदम शांत.

मग खाली, पायरीवर... फरफटत जाणाऱ्या चपला. सावकाश. फाटकाकडे.

ताई सकाळपर्यंत तिथेच बसून राहिली.

न्याहारीच्या टेबलावर चौघी आल्या. ताईने वाट पाहिली नाही. "मंगळवारी रात्री मी जागी होते," तिने सांगितलं. "तुम्हीही होतात." मदर म्हणाल्या, "आम्हाला झोप लागली होती, सिस्टर." आणि त्यांनी पावाच्या टोपलीकडे हात नेला.

उजव्या हाताची पेरं सोलून निघाली होती.

मदरनी हात झटकन बाहीत ओढला. ताईने बाकीच्या तिघींकडे पाहिलं. तिघींचे हात टेबलाखाली. कुणी बोललं नाही... आणि आता तर मौनाची वेळही संपली होती. ताई उठली, मदरच्या खोलीतून किल्ली आणली आणि मुख्य दाराच्या आतल्या खिळ्याला अडकवली. ती आजही तिथेच असते. रात्री दार वाजलं की आता ताईच उघडते.

गेल्या महिन्यात मी तिला भेटायला गेलो. त्या रात्रीला सात वर्षं झाली. तिने मला पाणी आणून दिलं. उजव्या हाताला पट्टी होती. मी विचारलं, काय लागलं? ती म्हणाली, "काल रात्री मला गाढ झोप लागली होती." पट्टी सोडून हात माझ्यासमोर धरला.

पेरांवरची कातडी गेलेली होती. रक्त ओलं होतं.