सड्यावरची हवा

"तू चालताना सारखा छातीवर हात का ठेवतोस? कुणी राहतं का तिथे?"

हा प्रश्न माझा नव्हता. योगिनी आणि दिशा या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती, 'आम्रपाली, विचारून दाखव.' आणि जानेवारीत वक्तृत्वाचा कप जिंकल्यापासून मला कुणी 'दाखव' म्हटलं की राहवत नाही. म्हणून एसटीच्या थांब्यावर, सगळ्यांसमोर, केतनला विचारलंच. दिवाळीनंतर लोट्याहून आमच्या अकरावीत आलेला, कमी बोलणारा केतन.

"राहतं ना," तो शांतपणे म्हणाला. "एक पॅच. लहानपणी हृदयाला भोक होतं, ते डॉक्टरांनी बुजवलं. अजून कधीकधी ठोका चुकतो, म्हणून बघतो."

मागे दिशाचं हसू थांबलं.

"मग... भाडं देतो का तो?" मी कसंबसं म्हटलं.

तो हसला. "मीच देतो. रोज चालायला जाऊन."

त्याचे पप्पा लोट्याला रसायनांच्या कंपनीत शिफ्टला. तिथला वास त्याला सोसेना, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो इथे मामाकडे आला. पण मामाचं घर हमरस्त्याला, आणि रस्त्याचं काम चालू.

"डंपर गेला की धुळीत माझा मीच दिसत नाही," तो म्हणाला.

"आमच्या वाडीवरच्या सड्यावर ये. नुसता कातळ, वारा आणि खाली समुद्र. हवेची गॅरंटी माझी."

तो आला. मीही जाऊ लागले. घरी सांगितलं, योगिनीबरोबर व्यायामाला जाते. योगिनी दोन दिवस आली आणि मग अंथरुणातून उठलीच नाही.

"डॉक्टर म्हणतात, बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं," केतन म्हणाला.

"म्हणून मला बरोबर घेतलंस?"

"मग काय. तू थांबतच नाहीस."

"पळून दाखवू?"

"पळ. मी येतो मागून."

"नको—मला नाही पळायचं."

त्याने वळून पाहिलं. मी घाईघाईने समुद्रातल्या एका होडीकडे बोट दाखवलं. होडीत बघण्यासारखं काहीच नव्हतं. तरी तो बराच वेळ बघत राहिला. महिन्याभरात त्याच्या गालांवर रंग आला. चढणीवरही तो बोलायचा, आणि मला पहाटे गजर लागेनासा झाला.

मग मार्चमधला तो रविवार. सड्यावरून उतरताना खाली, आमच्या शेतात, धूर दिसला. भाताचं रोप करायच्या तुकड्यावर शेण, कवळं म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, आणि पातेरा म्हणजे वाळका पाला पसरून ते जाळतात, ती भाजावळ. बाबा दरवर्षी करतात. तो वास मला लहानपणापासून आवडतो.

"धूर आहे," केतन थबकला.

"काही नाही रे, भाजावळ आहे," मी म्हटलं. धुकं आहे, म्हणावं तसं.

पायवाट तिथूनच जात होती. तो मामाची काहीतरी गंमत सांगत होता. वाक्य अर्ध्यावर राहिलं. मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली... तो आलाच नाही. वळून बघते तर तो शेताच्या दगडी गडग्यावर बसलेला, ओठ निळसर. मी ओरडले. हाताला राख लागलेली, तशीच घेऊन बाबा धावत आले. रिक्षात केतनचं डोकं त्यांच्याच खांद्यावर होतं.

दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "धुरात होता का?"

"धूर नाही हो," बाबा म्हणाले. "भाजावळ होती."

डॉक्टरांनी त्यांच्या राखेच्या हातांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. मीही.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. तो उशीला टेकून बसला होता.

"गॅरंटीवाल्या बाई आल्या," तो म्हणाला. मला रडू आवरेना.

"रडू नको गो. आई न्यायला येतेय. लोट्याला."

"तिथे तर जास्त त्रास."

"तिथे निदान कळतं, वास कुठून येतो, कुठल्या बाजूला जायचं नाही." तो थांबला. "मला राहायचं होतं. सड्यासाठी नाही..."

"मग?"

"चालताना कुणीतरी बोलायला लागतं ना. आता दुसऱ्या कुणाचं बोलणं चालणार नाही."

छातीत माझ्याच काहीतरी चुकलं. "आईंना म्हण, चार दिवस थांबा," मी म्हटलं आणि निघाले.

संध्याकाळी बाबा अंगणात कोयता घासत होते. उरलेल्या दोन तुकड्यांसाठी कवळं तोडायची होती. आई तांदूळ निवडत होती.

"बाबा, त्या दोन तुकड्यांची भाजावळ करायची नाही."

"वेडी की काय? भाजल्याशिवाय तण मरत नाही. चार पिढ्या करतोय आपण."

"म्हणून तर तुम्हाला तो धूर दिसला नाही. मलाही नाही दिसला."

आईचा हात सुपात थांबला.

"पातेरा मी खड्ड्यात कुजवणार. तण मी उपटणार, अभ्यास सांभाळून. उद्या वाडीतल्या घराघरांत जाऊन सांगणार आहे, निदान सकाळी तरी पेटवू नका. आणि मी योगिनीबरोबर चालायला जात नव्हते. केतनबरोबर जात होते. तो मला आवडतो. तो राहिला तर पुन्हा जाणार, तुम्हाला सांगून."