तिसऱ्या प्लगवरचा गाळ

प्लग बघून इंजिनाचं दुखणं सांगतो म्हणून कराडात माझं नाव होतं. काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी, बदामी असला की गाडी खुशाल काश्मीरला न्या. देवऋषी, उतारे असल्या भानगडींत मी कधी पडलो नाही.

चौऱ्याहत्तर सालचा मे. माझे दाजी मानसिंग उंब्रजहून सकाळीच जीप घेऊन आले. मागे माझी बहीण शालू आणि तिची सासू बनुबाई. शालूला दिवस भरलेले, मूल आडवं. डॉक्टरांनी तातडीनं मिरजेला न्यायला सांगितलं होतं आणि वाटेत जीप मिस मारायला, अडखळायला लागली.

मी तिसरा प्लग काढला आणि बघतच राहिलो. टोकाला नदीतल्यासारखा ओला गाळ, बारीक वाळू, शेवाळाचा हिरवा धागा. तापलेलं इंजिन हात लावू देत नव्हतं आणि गाळ थंडगार.

पंपवाल्याला मनसोक्त शिव्या घालून मी कार्ब्युरेटर उघडला. आत स्वच्छ पेट्रोल. मग आमची नेहमीची रीत, प्लगांची अदलाबदल. खोट प्लगाबरोबर हलली तर प्लग वाईट, जागेवर राहिली तर इंजिन. जागेवरच राहिली. म्हटलं, मिटलं, इंजिनच.

भाऊसो पाटलांची मोटार दुरुस्त होऊन उभी होती. त्यांना नंतर सांगता येईल म्हणून शालूला तिच्यात निजवलं. दाजींनी इंजिन चालू केलं. दोन मिनिटांत तेही अडखळलं. मी तिसरा प्लग काढला.

तोच गाळ.

प्लग बदलले, गाडी बदलली. आता चालक बदलून बघायचा राहिला होता. दाजींना उतरवून मी स्टिअरिंगवर बसलो. इंजिन एकदम सुरात, प्लग बदामी. ते पुन्हा बसले, पुन्हा गाळ.

"दाजी, तुमी हितंच थांबा."

"पोर माझं हाय, पाव्हणं."

"म्हणूनच म्हंतोय."

दोन लढायांत दारूगोळ्याचे ट्रक हाकलेला माणूस. त्यांनी प्लगकडे एकदा पाहिलं, शालूच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या स्टुलावर जाऊन बसले.

सांगलीच्या पुलावर मी जीव मुठीत धरून मोटार घातली. खाली कृष्णा पार आटलेली. काही झालं नाही. मिरजेत मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी व्हरांड्यात उभा राहून रडलो. वाटलं, दाजींसकट तिघांना वाचवलं.

बनुबाईंना तिथं ठेवून उजेडातच पेढे घेऊन परतलो. गॅरेजासमोर गर्दी होती. दाजी स्टुलावरच, भिंतीला टेकून.

"हितनं उठलं बी न्हाईत," चहावाला धोंडीबा म्हणाला. "चारला चहा दिला. आत्ता हाक मारली तर..."

बोलावून आणलेल्या डॉक्टरांनी त्यांना फळीवर आडवं करून छाती दाबली. तोंडातून गढूळ पाणी आलं. मग वाळू.

मी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

"कुठल्या नदीतून काढलं यांना?" डॉक्टरांनी मला विचारलं.

दाजींच्या कोरड्या सदऱ्याच्या खिशातून मी काडेपेटी काढली आणि डॉक्टरांसमोर काडी ओढली.

पहिल्याच घासणीत पेटली.