पेट न घेणारं घर

२०२२ साल. फेब्रुवारीची तेरा तारीख, रविवार. कुंडलमधल्या आमच्या घरात सकाळी सातला चहा झाला आणि साडेआठला माझी भावजय गेली. मेथीची जुडी निवडता निवडता ती भिंतीला टेकली. बस्स, एवढंच.

माझं वय आता एकोणऐंशी. पलूसच्या शाळेत मी चौतीस वर्षं शिकवलं. तारखा आणि नावं मी चुकवत नाही. नवरा लवकर गेला म्हणून मी माहेरीच, धाकट्या भावाकडे राहिले. भाऊ केरबा, पलटणीतून सुभेदार होऊन आलेला. त्याची ही बायको.

तिचं नाव अलियम्मा. केरळातल्या कोट्टयमकडच्या एका खेड्यातून, ख्रिस्ती घरातून, एकविसाव्या वर्षी लोखंडी ट्रंक घेऊन ती सांगलीच्या दवाखान्यात नर्स म्हणून आली. मराठीचा एक शब्द येत नव्हता. केरबा सुट्टीवर आला असताना गुऱ्हाळावरचा उकळता रस त्याच्या अंगावर उडाला, मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. दोन महिने तिनं पट्ट्या बदलल्या, तिसऱ्या महिन्यात त्यानं घरी सांगितलं. वडील आठ दिवस जेवले नाहीत, मग जेवले.

लग्नात नवरीला नवं नाव द्यायचं होतं. ते सुचवायचा मान नणंदेचा. मी ‘मंगल’ म्हणाले आणि केरबानं अंगठीनं ते ताटातल्या तांदळांत लिहिलं. तिनं ते दोन-तीनदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. आपण फार चांगलं काम केलं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

सदतीस वर्षं तिनं नोकरी केली. त्यातली एकतीस जळीत वॉर्डात. तिथं येणाऱ्या बहुतेक बाया नव्या लग्नाच्या असत. स्टोव्हचा भडका उडाला, असं सगळ्याच सांगायच्या, आणि सांगताना शेजारी सासू उभी असायची. त्या पोरींना मलम लावून ती एसटीनं घरी यायची, विहिरीवर अंगावरून पाणी घ्यायची आणि नऊ माणसांच्या भाकरी थापायची. माझी आई सहा वर्षं अंथरुणाला खिळली होती. तिच्या पाठीला अलियम्मानं एक जखम होऊ दिली नाही. घरातल्या प्रत्येकाचं दुखणं तिला ठाऊक होतं. तिला काय दुखतं, ते मात्र आम्ही कुणी विचारलं नाही.

जायच्या आधीच्या दिवाळीनंतर आम्ही तिघं शेंगा फोडत बसलो होतो.

“वन्सं,” ती म्हणाली, “मला जाळायचं न्हाई.”

“काय बोलतीस हे?”

“मातीत ठेवायचं. मळ्यात, विहिरीपल्याड. मी धर्माचं न्हाई बोलत. एकतीस वर्षं त्यो वास माझ्या नाकात हाय. मला त्यातनं न्यायचं न्हाई.” मग केरबाकडं वळून, “आवं, ऐकताय न्हवं?”

“व्हय. दिला शब्द.”

“लय झटकन दिला. वन्संच्या म्होरं परत द्या.”

केरबा हसला. त्यानं परत दिला.

आणि तेरा फेब्रुवारीला दुपारी बारा वाजता अंगणात चंदनाची लाकडं उतरली. जयराजनं, तिच्या मुलानं, आणवलेली. तो पंचायत समितीला उभा राहणार होता, दारात दोनशे माणूस जमलं होतं. नवऱ्याच्या आधी गेली, सवाष्ण गेली, म्हणून बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. मी जयराजला आत बोलावलं.

“आत्ती, आईला मी चंदनात नेतोय,” तो म्हणाला. “असा मान गावात कुणाला मिळालाय?”

“तिला मान नको हुता रं. खड्डा हवा हुता.”

“आन लोक काय म्हणतील? जयराजची आई आपल्यातली न्हवतीच म्हणतील. जलम घालवून ती आपल्यातली झाली. ते मी एका दिवसात पुसू व्हय?”

मी केरबाकडं पाहिलं. “तू शब्द दिला हुतास.”

“आक्का, आता गप,” तो म्हणाला. स्वतःच्या पायांकडं बघत.

आणि मी गप्प बसले. साठ पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी मी. तिरडी उचलली तेव्हाही मी बोलले नाही. बाया स्मशानात जात नाहीत म्हणून गच्चीवर गेले. ओढ्याकाठी चिता पेटली, लगेच पेटली. वारा आमच्याकडं होता. तिला एकतीस वर्षं जो वास सोडत नव्हता, तो त्या दिवशी मला कळला.

दहाव्याला तिच्या फोटोपुढचा दिवा टिकेना. वारा नव्हता. वात लागायची, पिवळी व्हायची आणि विझायची. सुनेनं, प्रांजलनं, तेल बदललं, वाती बदलल्या. मी विझलेली वात हातात घेतली. ती पांढरी होती. टोकाला काळं लागलंच नव्हतं.

मग चहा उशिरा व्हायला लागला. गॅस पेटे, जाळ निळा दिसे, पण पातेल्यातलं दूध तासभर तसंच. मेकॅनिक आला. त्यानं शेगडी उचलून अंगणाबाहेर नेली आणि रस्त्यावर तिच्यावर पाणी उकळून दाखवलं. घरात आणली की पुन्हा तेच. विजेची शेगडी आणली, ती लालभडक झाली आणि तिच्यावरचा तवा गार राहिला.

एकदा जयराजची मुलगी शिवांजली जाळावर तळहात धरून उभी होती. बारावीतली पोर.

“आत्तीआजी, भाजत न्हाई बघ. आजी आपल्याला भाजू देत न्हाई.”

प्रांजलनं तिचा हात झटकला. “नसतं काय बोलू नगंस. आधीच गावात लोक आपल्या घरचा चहा हाय का सरबत म्हणून इचारत्यात.”

पोरीचं म्हणणं मला पटलं नाही. तिची आजी मला माहीत होती. रागावली की ती भांडायची नाही. हातातलं काम थांबवायची.

मार्चमध्ये ऊस तुटून गेला आणि पाचट जाळायची वेळ आली. शेजारच्या दादासोंनी त्यांच्या रानात आग लावली. ती आमच्या बांधापर्यंत आली, माणूसभर उंच, आणि बांधावर थांबली. सरळ रेषेत, जणू पट्टीनं आखलेली. अलीकडं आमचं पाचट वाळलेलं, कुरकुरीत. जयराजनं त्यावर डिझेल ओतलं, काडी टाकली. काडी पाचटावर पडून विझली. त्यानं अख्खी पेटी संपवली.

“दव असंल,” दादासो म्हणाले. दुपारचे दोन वाजले होते. ते आपलं टमरेल उचलून घाईनं निघून गेले.

“जयराज,” मी म्हणाले, “तिची माफी माग. बापाला घेऊन विहिरीपल्याड जा आणि माग.”

“आत्ती, शिकलेली बाई तू. असलं बोलतीस?”

केरबा पाचटावरची विझलेली काडी उचलून बघत राहिला. वर्षभर तो थंडच जेवला, तक्रार न करता. १९ जानेवारी २०२३ला सकाळी तो उठला नाही.

अंघोळ घालताना मी जवळ होते. त्याच्या डाव्या हाताचा भाजल्याचा डाग मी सत्तेचाळीस वर्षं पाहिला होता. तो नव्हता. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी लहान पोरासारखी मऊ होती. मी त्याचा उजवा हात बघितला, पुन्हा डावा. कुणाला सांगितलं नाही.

या वेळी मी स्मशानात गेले. मला कुणी अडवलं नाही.

जयराजनं अग्नी दिला. गवत विझलं.

गोवऱ्या रचल्या, तूप ओतलं. विझलं.

माणसं आधी पुढं सरकली, मग मागं.

कुणीतरी डिझेलचा कॅन आणला. जयराजनं तो रिकामा केला. भडका उडाला, आठ-दहा फूट. सगळे बाजूला झाले. मी झाले नाही. जाळ माझ्या लुगड्याला लागत होता आणि मला काही होत नव्हतं.

जाळ खाली बसला. केरबा तसाच होता. डोक्याचा फेटा गुलाबी. कपाळावरचा बुक्का ओला.

सकाळी अकरापासून दुपारी चार वाजेपर्यंत पाच वेळा.

शेवटी जयराज खाली बसला. त्याच्या भुवया डिझेलनं भिजल्या होत्या.

“आत्ती,” तो म्हणाला, “आता काय करू?”

“कुदळ आण.”

विहिरीपल्याड, तिनं सांगितलेल्या जागी, आम्ही केरबाला मातीत ठेवलं. जमीन मऊ होती. कुदळ घालावी तशी जात होती. माती टाकताना मी मोठ्यानं म्हणाले, “अलियम्मा, हे तुझं हुतं. चुकलो.” सत्तेचाळीस वर्षांत तिच्या नावानं मी तिला पहिल्यांदा हाक मारली. दोनशे माणसांत कुणी कुणाकडं बघितलं नाही.

मला वाटलं होतं, आता घरात चूल पेटेल. पेटली नाही. शब्द पाळायचा होता तो तिचा, आणि जागा मिळाली त्याला.

माझा राग कमी झालेला नाही. जयराजवर आहे, केरबावर आहे. सगळ्यात जास्त गच्चीवर उभ्या राहिलेल्या म्हातारीवर आहे.

प्रांजल लोणंदला माहेरी राहते, तिथं तिची भाकरी नीट भाजते. शिवांजली साताऱ्यात नर्सिंग शिकते. सुट्टीत आली की वॉर्डातलं सगळं सांगते, फक्त जळीत वॉर्डाचं सांगत नाही. मला जेवण शेजारच्या सुलाबाईंकडून येतं. उंबऱ्यापर्यंत ते गरम असतं, म्हणून मी हल्ली उंबऱ्याबाहेर बसून जेवते.

जयराज निवडणुकीला उभा राहिला नाही. तो विहिरीपल्याड उन्हात बसून असतो, मे महिन्यातही अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. सांगलीत, पुण्यात सगळे रिपोर्ट झाले. सगळे चांगले आले. फक्त प्रत्येक दवाखान्यात नर्स थर्मामीटर लावते, बघते, झटकते आणि दुसरा आणायला जाते.

परवा मी त्याला पाणी द्यायला गेले. दुपारचा एक वाजला होता, जमिनीवर पाय ठेववत नव्हता. तांब्या देताना त्याचा हात माझ्या हाताला लागला. पावसाळ्यात खोल खणलेल्या मातीत हात घातल्यासारखा लागला, गार आणि ओला.

“आत्ती,” तो म्हणाला, “इथं लय बरं वाटतंय.”

त्यानं चपला काढल्या होत्या. घोट्यापर्यंत पाय मातीत होते. त्यानं पुरले नव्हते. आजूबाजूची माती कुठं उकरलेली नव्हती.